खुर्चीदादांची गाणी

खुर्चीदादांना एकदा एका गिऱ्हाइकानं खूश होऊन भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. चांगलं होतं, ठोके देणारं. दादांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, तोंड भरून कौतुक केलं आणि गिऱ्हाईक गल्लीच्या वळणाआड गेल्याबरोबर स्वयंपाकघरात नेऊन टांगलं. बायकोनं विचारलं, अहो, तुमच्या कामाच्या खोलीत का नाही लावलं? तर म्हणाले, घड्याळाकडे बघावं लागतं. बघायला मान वळवली की हात हलतो, आणि हात हलला की सांधा हलतो.

दादा मोडक्या खुर्च्या दुरुस्त करत. नवीन फर्निचर त्यांनी कधी केलं नाही आणि तशी हौसही नव्हती. डुगडुगणारा पाय, निखळलेली पाठ, कुणीतरी दाणकन बसल्यामुळे उकललेला सांधा, असलं काही आलं की मात्र त्यांचे डोळे लकाकत. खुर्ची उलटी करून तिच्या पोटाखाली असे निरखून बघत की आणणाऱ्यालाच संकोच वाटावा. गल्लीत त्यांना सगळे खुर्चीदादा म्हणत आणि त्यांच्या बायकोला वहिनी. खऱ्या नावानं पत्र आलं तर पोस्टमन आधी चार दारं फिरून येई.

आता घड्याळ नाही तर वेळ कशी कळायची? त्याची एक गंमतच होती. दादा ज्यांच्या हाताखाली शिकले ते मिस्त्री जुन्या वळणाचे. लाकूड चिकटवायचा गरम सरस सांध्यात भरला, तो दाबून धरायला शिकंजा आवळला की ते गुणगुणायला लागत. अमुक गाणं इतक्यांदा म्हणून झालं की ओघळलेला सरस पुसायचा, आणखी म्हणून झालं की अंगठ्यानं दाबून बघायचं, आणि सगळं गाऊन संपलं की शिकंजा सोडायचा. लवकर सोडला तर सांधा उघडतो. पुसायला उशीर झाला तर सरसाचे मणी लाकडावर वाळून बसतात आणि मग पटाशीनं खरवडताना लाकूडही जातं. दादांनी ही विद्या जशीच्या तशी उचलली, फक्त गळा उचलता आला नाही. ते गुणगुणायला लागले की शेजारचे काळजीनं चौकशीला येत. म्हणून त्यांनी आधी टेपरेकॉर्डर आणला, आणि पुढे लेकीचं शिक्षण संपून तिचा कॉम्प्युटर घरी पडून राहिला तेव्हा सगळ्या कॅसेट हळूहळू त्यात उतरवून घेतल्या.

त्या कॉम्प्युटरमध्ये दादांनी कामागणिक फोल्डर केले होते. ‘मागचा पाय’, ‘हाताचा दांडा’, ‘पाठीच्या पट्ट्या’, ‘लाखेचं पॉलिश, पहिला हात’. ‘मागचा पाय’ संपला म्हणजे मागच्या पायाचा शिकंजा सोडायचा. फोल्डरच्या मधेमधे एक ठरावीक गाणं पेरलेलं असे. ते लागलं की उठायचं. पहिल्यांदा लागलं की सरस पुसायचा, दुसऱ्यांदा लागलं की दाबून बघायचं, तिसऱ्यांदा लागलं की शिकंज्याचा एक आटा ढिला करायचा. एकच गाणं, पण प्रत्येक फोल्डरमध्ये, आणि एकेका फोल्डरमध्ये तीन-तीनदा. बाकीची गाणीही अशीच, जिथे जेवढा वेळ भरून काढायचा तिथे तेवढी कॉपी करून टाकलेली.

हे दादांनी कुणाला सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे, कुणी विचारलंच नाही म्हणून. घरच्यांना एवढंच दिसे की दादांच्या खोलीतून एक गाणं सारखं वाजतं. त्यात एक बाई नाकातून कुणालातरी परत बोलावत असते आणि मागे एक बासरी तिच्यापेक्षा वरच्या पट्टीत रडत असते. साहजिकच सगळ्यांनी धरून चाललं की हे दादांचं अतिशय लाडकं गाणं. लेकीच्या लग्नात तिच्या मैत्रिणींनी खास दादांसाठी ते बसवून म्हटलं होतं. दादा समोरच्या खुर्चीत ताठ बसून शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं वहिनी अजून सांगतात. लेकीनं तर बाबांचा फोन आला की हेच वाजावं असं फोनमध्ये करून ठेवलं होतं.

ही लेक एका मोठ्या दवाखान्यात, रेकॉर्डच्या खोलीत कामाला. तिचं दिवसभराचं काम एकच: एका पेशंटची फाइल दोन ठिकाणी सापडली की दोन्हींची एक करायची. तिथे दोन फाइली म्हणजे धोका. एकीत औषध लिहिलेलं, दुसरीत ते बंद केलेलं, आणि डॉक्टरच्या हाती नेमकी चुकीची. त्यामुळे एकसारख्या दोन गोष्टी दिसल्या की तिच्या बोटांना खाज सुटे. तिच्या नवऱ्याच्या कपाटात दोन सारखे निळे शर्ट होते, त्यातला एक कधीच बाहेर गेला होता.

झालं असं की दादांचा कॉम्प्युटर अडखळायला लागला. गाणं मधेच गचके खाई, पंखा गिरणीसारखा घरघरे, आणि आतली डिस्क टकटक आवाज करी. लेक सुट्टीच्या दिवशी आली, डब्याची बाजू उघडली आणि बघतच राहिली. आत लाकडाचा भुसा असा बसला होता की जणू कुणी गादी भरायला घेतली होती. तिनं ब्रशनं सगळा काढला. मग नवी डिस्क आणली, बिस्किटाच्या पुड्याहून लहान आणि अजिबात आवाज न करणारी. मेमरीची जादा पट्टी बसवली, नवी सिस्टीम टाकली. राहिली गाणी.

जुन्या डिस्कमधली गाणी बघून तिचा हात कपाळाला गेला. एकेक गाणं किती ठिकाणी! नाकातल्या बाईचं तर जिथे बघावं तिथे. तिला वाटलं, बाबांना कॉपी कसं करायचं ते जमलं, पण कधी थांबायचं ते कळलं नाही. तिनं जुन्या डिस्कला धक्का न लावता एक प्रोग्राम चालवला, जो एकसारख्या फाइली ओळखून प्रत्येकीची एकच प्रत उचलतो. फोल्डर तेच ठेवले, नावं तीच ठेवली. बाबांचं लाडकं गाणं मात्र तिनं मुद्दाम हातानं वेगळं काढलं आणि त्याला स्वतंत्र फोल्डर दिला, सगळ्यांत वर: ‘बाबांचं आवडतं’. मग या निवडलेल्या गाण्यांचा बॅकअप एका बाहेरच्या डिस्कवर घेतला आणि ती डिस्क वहिनींच्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवून दिली. निघताना दादांना म्हणाली, बाबा, एकही गाणं गेलेलं नाही, मी स्वतः तपासलंय. आणि ते खरंच होतं. किती कॉपी गाळल्या ते तिनं सांगितलं नाही. घर झाडून दिल्यावर कुणी केर मोजून सांगतं का?

जुनी डिस्क ती टाकून देणार होती. टकटक करते, हिचा भरवसा नाही, म्हणाली. दादांनी हातात घेऊन वजन पाहिलं. चांगली दणकट, तळ सपाट. म्हणाले, राहू दे, विनियरचा पापुद्रा चिकटवताना वर वजन म्हणून ठेवायला होईल. त्यांच्याकडे असं फुकट काही जात नसे. मोडकी इस्त्री, वजनकाट्याची मापं, कुणाच्या तरी दाराची लोखंडी मूठ, सगळं तिथे दाबायच्या कामाला लागलेलं असे.

नवा कॉम्प्युटर पाण्यासारखा चालू लागला. गचका नाही, घरघर नाही. दादा आठवडाभर येईल त्याला तो दाखवत होते.

मग एका स्टुलाचा पाय सुटला. होतं कधीतरी, दादांनी मनावर घेतलं नाही. मग एका आरामखुर्चीच्या दांड्यावर सरसाचे मणी तसेच वाळलेले सापडले. पुसायचे कसे राहिले? दादा आठवू लागले. ते गाणं लागलं असणार, मग आपण उठलो कसे नाही? त्याच महिन्यात पॉलिशवर स्वतःच्याच अंगठ्याचा ठसा उमटला, कारण पहिला हात वाळायच्या आत दुसरा चढवला होता. दादांनी फोल्डर पुन्हा लावला, कान देऊन बसले. गाणी एकामागून एक भराभर आली आणि संपली. ज्याची वाट बघत होते ते आलंच नाही. की आलं आणि आपण ऐकलंच नाही?

माणसाचा स्वभाव कसा असतो बघा. कॉम्प्युटर नवा, लेकीनं स्वतः तपासलेला. मग उरलं कोण? दादा स्वतः. म्हातारपणी वेळ पळतो असं सगळे म्हणतात, तो असाच पळत असणार. लक्ष असंच उडत असणार. त्यांनी वहिनींना सांगितलं नाही, पण रात्रीच्या जेवणाला ते हल्ली मधेच स्वतःचे हात उलटे-सुलटे करून बघत. वहिनी म्हणाल्या, हात जेवायला घेतलेत की विकायला? दादा नुसते हसले.

शेवटी ग्रंथालयाच्या खुर्च्यांनी घात केला. ग्रंथालयाच्या बाई वर्षानुवर्षं दादांकडेच खुर्च्या धाडत. त्यांतलीच एक, दादांनी नुकतीच दुरुस्त केलेली, रोज पेपर वाचायला येणाऱ्या एका निवृत्त मास्तरांच्या खाली उघडली. मास्तर पेपरसकट जमिनीवर. लागलं नाही, उलट खाली बसूनच त्यांनी अग्रलेख पुरा केला म्हणे. बाई स्वतः खुर्ची घेऊन आल्या. रागावल्या नाहीत, तक्रारीचा शब्द काढला नाही. फक्त म्हणाल्या, दादा, तब्येत बरी आहे ना? त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर दादांना बरं वाटलं असतं.

त्या दिवशी दादांनी ठरवलं, ग्रंथालयाच्या राहिलेल्या खुर्च्या करायच्या आणि थांबायचं. कुणाचं तरी कंबरडं मोडायची वाट बघायची नाही. भिंतीवरचे शिकंजे त्यांनी खाली उतरवले, एकेकाला तेल दिलं आणि पोत्यात भरायला सुरुवात केली. कोपऱ्यावरच्या सुताराला द्यायचे म्हणे. वहिनींनी ते पोतं पाहिलं आणि सरळ लेकीला फोन लावला. तुझे वडील शिकंजे वाटायला निघालेत, म्हणाल्या, उद्या मला वाटतील. येऊन जा.

लेक आली तेव्हा दादा ग्रंथालयाची तीच खुर्ची पुन्हा जोडत होते. तिनं पोत्यावरच बूड टेकलं. पोरवयातही ती अशीच इथे बसून अभ्यास करायची. दादांनी सरस भरला, पोत्याबाहेर राहिलेला शिकंजा आवळला आणि कोपरानं ‘मागचा पाय’ चालू केला. हात गुडघ्यांवर ठेवून ते कॉम्प्युटरकडे असे बघत बसले, जसा परीक्षेचा निकाल ऐकायला मुलगा बसतो. गाणी झाली. फोल्डर संपला. दादा उठले, सांध्याला बोट लावलं. सरस अजून ओला होता, बोटाला तार धरून आला.

“बघ,” ते हळूच म्हणाले. “एवढं लक्ष ठेवून बसलो, तरी निसटलं.”

“काय निसटलं, बाबा?”

“ते गाणं. तीनदा लागतं मधे. आज एकदाही ऐकू आलं नाही मला. कान गेले म्हणावं तर बाकीची ऐकू येतात. म्हणजे डोकंच.”

लेकीला आधी उमजलंच नाही. तिनं विचारलं, तीनदा म्हणजे? मग दादांनी सांगितलं. मिस्त्रींपासून सुरुवात करून, गुणगुणण्यापासून, पुसायचं कधी, दाबायचं कधी, आटा ढिला करायचा कधी, प्रत्येक फोल्डर किती लांब आणि का. बोलता बोलता ते हातांनी हवेत खुर्ची जोडत होते. लेकीचा चेहरा उतरत उतरत पार खाली आला. मग तिनंही सांगितलं. तो प्रोग्राम, एकाची एकच प्रत, सगळं. सांगून झाल्यावर म्हणाली, बाबा, तुमचं डोकं जागेवर आहे. वेळ मी कापलाय.

दादांनी स्वतःचे हात पुन्हा उलटे-सुलटे करून पाहिले, या वेळी जरा वेगळ्या नजरेनं, हरवलेली किल्ली खिशातच सापडावी तसे.

“पण ते गाणं मी टाकलं नाही हं,” लेक घाईघाईनं म्हणाली. “ते तर मुद्दाम वेगळं ठेवलंय. सगळ्यांत वर, तुमचं आवडतं म्हणून.”

“आवडतं?” दादांनी मान वर केली. “कुणी सांगितलं मला आवडतं? मला ते गाणं अजिबात सहन होत नाही.”

स्वयंपाकघराच्या दारात भांडं पडल्याचा आवाज झाला. वहिनी ओल्या हातांनी तिथेच उभ्या होत्या.

दादांनी मग नीट समजावून सांगितलं, जसं गिऱ्हाइकाला लाकडाचे रेषे समजावतात. आवडतं गाणं लागलं की माणूस डोळे मिटतो, मान डोलावतो, सरस तिकडे वाळून जातो. नावडतं लागलं की ताडकन उठतो. मिस्त्रींनी बजावलंच होतं, खुणेचं गाणं असं निवड की लागलं की बसवणार नाही. त्यांनी सगळ्या कॅसेट ऐकून ऐकून हे शोधून काढलं होतं. याच्याइतकं वाईट दुसरं सापडलं नाही.

“आणि माझ्या लग्नात?” लेकीनं विचारलं.

“तिथे उठून जाता येत नव्हतं ना,” दादा म्हणाले. “म्हणून डोळ्यांत पाणी आलं.”

लेक पोत्यावर हसून हसून आडवी झाली. वहिनी हसल्या नाहीत. “एवढी वर्षं,” त्या म्हणाल्या, “मी ते रडगाणं ऐकून घेतलं. तुम्हाला आवडतं म्हणून. दार लोटून घ्यायचं मनात यायचं, तरी लोटलं नाही. वाटायचं, माणसाला एवढं एकच सुख आहे.” आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्या आत रडल्या की हसल्या ते कळायला मार्ग नाही, कारण नळ मोठा सोडला होता.

आता प्रश्न होता जुन्या डिस्कचा. सगळ्या प्रती तिच्यातच होत्या, जशाच्या तशा. लेकीनं विचारलं, कुठाय ती? दादांनी खोलीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. एका टेबलाच्या फळीवर विनियरचा पातळ पापुद्रा चिकटत होता आणि त्यावर ओळीनं इस्त्री, मापं, दाराची मूठ आणि ती डिस्क. उचलायला गेली तर उचलेना. कडेनं सरस ओघळून तिला धरून बसला होता.

लेकीनं ओढायला हात घातला, तसं दादांनी तिचं मनगट धरलं. जबरदस्ती नको. त्यांनी फडकं गरम पाण्यात पिळलं, आणि पाणी आत उतरू न देता नुसत्या कडेला शेक दिला, थांबले, पुन्हा दिला. मग पातळ सुरी गरम करून खालून अशी सरकवली की पापुद्राही फाटला नाही. डिस्क हातात आली. तळाला लाकडाचा वास आणि सरसाची मिशी.

लेकीनं केबल जोडली. डिस्क टकटक करू लागली, थांबली. कॉम्प्युटरवर काही दिसेना. तिनं काढून पुन्हा जोडली, पुन्हा टकटक. वहिनीही आतून येऊन मागे उभ्या राहिल्या होत्या. दादा म्हणाले, जरा आडवी सपाट ठेव, इतके दिवस तशीच झोपलीये. ठेवली. त्यानं काही झालं की आपसूक झालं, कोण जाणे, पण तिसऱ्या खेपेला फोल्डर दिसू लागले. ‘मागचा पाय’. ‘हाताचा दांडा’. लेकीनं श्वास रोखून एकेक करत उतरवून घेतले, आणि या वेळी एकाही प्रतीला हात लावला नाही. तिची बोटं वळवळत होती ते दादांना दिसत होतं.

‘लाखेचं पॉलिश’ उतरत असताना डिस्क एकदा जोरात टकटकली आणि कायमची गप्प झाली. तेवढा एक फोल्डर अर्धाच आला.

लेक म्हणाली, बाबा, पॉलिशसाठी फोनवर गजर लावू या का? नेमक्या वेळेला वाजेल. दादांनी थोडा विचार केला. गजर नको, म्हणाले. गजर वाजला की हात दचकतो. गाणं तसं करत नाही, ते आधी दारात खाकरतं, मग आत येतं. तोवर हात आपला आवरून घेतो.

मग ती दर सुट्टीला येऊ लागली. दादा कापसाचा बोळा लाखेत बुडवून खुर्चीच्या पाठीवर गोल गोल फिरवत आणि ती कॉम्प्युटरपाशी बसे. दादा बोटाच्या मागच्या बाजूनं पॉलिश चाचपून पाहत आणि म्हणत, अजून नाही. ती आणखी एक गाणं पुढे जोडी. अजून नाही. आणखी एक. आणि मग दादा म्हणत, “हां, आता,” की ती तिथे नाकातल्या बाईला आणून बसवे. एकच गाणं परत परत त्याच फोल्डरमध्ये भरावं लागे तेव्हा तिच्या कपाळावर आठी चढे, पण हात चाले. नव्या बॅकअपच्या तिनं दोन डिस्क केल्या, एक साड्यांखाली, दुसरी स्वतःच्या घरी. एकसारख्या दोन, अगदी हुबेहूब. नवऱ्यानं त्या निळ्या शर्टाची आठवण करून दिली, तर तिनं ऐकू न आल्यासारखं केलं.

फोनमधलं ते गाणं बदलू का, असं तिनं दादांना विचारलं होतं. ते म्हणाले, कशाला? वाजलं की उठतेस ना? मग बरोबर आहे.

ग्रंथालयाची खुर्ची पोचवायला दादा स्वतः गेले. मास्तरांना त्यांनी तिच्यावर बसवलं आणि पेपर वाचून होईस्तोवर शेजारी उभे राहिले. मास्तरांनी त्या दिवशी छोट्या जाहिरातीसुद्धा सोडल्या नाहीत. खुर्चीनं हूं की चूं केलं नाही. घरी येऊन दादांनी पोतं सोडलं आणि शिकंजे पुन्हा भिंतीवर चढवले, प्रत्येक आपापल्या खिळ्यावर.

एक दुपार मात्र सांगायची राहिली. दादा जोडकाम करून टेकले होते, आणि ऊन खिडकीतून थेट मांडीवर आलेलं, तेव्हा त्यांचा डोळा लागला. फोल्डर चालू होता. बासरी रडायला लागली, बाईनं नाकातून हाक घातली, आणि दादा काही हलेनात. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

“अहो, उठा. आपलं नावडतं लागलं.”

दादा डोळे चोळत उठले आणि फडकं शोधू लागले.